तळमजल्यावरची माणसं

आमच्या सोसायटीच्या तळमजल्यावर एक हॉल आहे. त्या हॉलमध्ये चालणाऱ्या केंद्राचा करार पुढे चालू राहणार की नाही, यावर माझ्या धाकट्या भावाचा सगळा दिवस अवलंबून होता. करार राहिला तर तो रोज सकाळी आंघोळ करून, भांग पाडून खाली जाणार. नाही राहिला तर मी आणि बायको कामावर निघताना त्याला फ्लॅटमध्ये ठेवून बाहेरून कडी लावणार. तिसरं काही आम्हाला सुचत नव्हतं.

भावाने चाळिशी ओलांडली आहे. कागदावर तो बौद्धिक दिव्यांग आहे. आमच्या गावात, असोद्यात, त्याला 'भोया' म्हणत, म्हणजे भोळा. आई होती तोवर त्याला दिवस कसा घालवायचा हा प्रश्नच नव्हता. सकाळी बस थांब्यावर उभं राहून जळगावला निघालेल्या प्रत्येकाला 'कुठी चालला?' असं विचारायचं, मग कोणाच्या गोठ्यात शेण भरायचं, कोणाच्या केळीच्या बागेत बुंध्याशी फुटलेली पिलं कापणाऱ्यांच्या मागे हिंडायचं. गाव काही देवमाणसांचं नव्हतं. बिडीच्या बदल्यात त्याला नाचायला लावणारेही तिथेच होते. पण 'कुठी चालला'ला उत्तर मिळत असे.

आई गेली तेव्हा माझी शिक्षकाची नोकरी धुळ्याला होती. तिथल्या देवपूर भागात आम्ही भाड्याने राहत होतो. भाऊ तिथे गॅलरीत उभा राहून रस्त्यावरच्या माणसांना हाका मारू लागला. समोरच्या बाईंनी तक्रार केली की हा माणूस आमच्या घराकडे बघून ओरडतो. घरमालक आला. खुर्चीवर न बसता दारातूनच म्हणाला, "सर, तुमनं बठ्ठं बरोबर शे, पन लोके ऐकतस नही." मी भांडलो नाही. भांडायला हवं होतं असंही तेव्हा वाटलं नाही. खोली सोडली. दुसरं घर घेताना मालकाला भावाबद्दल सांगितलंच नाही आणि गॅलरीचं दार कायमचं बंद ठेवलं. देवपुरात मी एवढंच शिकलो: याला जितकं कमी दाखवावं तितकं बरं.

जळगावला बदली झाली तेव्हा फ्लॅट विकत घेतला. आता आपल्याला कोणी काढू शकत नाही, असं बायकोला सांगितलं.

हॉलमध्ये केंद्र सुरू झालं ते त्यानंतर. काही पालक एकत्र आले होते आणि त्यांच्यासोबत एक ताई होत्या. विशेष मुलांच्या शाळेत त्यांनी बरीच वर्षं काढली होती आणि शेवटी भांडून बाहेर पडल्या होत्या. त्यांचं भांडण एकच होतं. "वय झालं की शाळा संपते. मग ही माणसं जातात कुठे? घरात. टीव्हीसमोर. तिथेच म्हातारी होतात." केंद्रात येणारी सगळी मोठी माणसं होती, कोणी तिशीतलं, कोणी पन्नाशीचं. सकाळी हॉलमध्ये थोडा वेळ वाती वळायच्या, चहा करायचा, कप धुवायचे. मग जोडीजोडीने बाहेर. भाजीबाजार, बँक, सलून, पिठाची गिरणी. ताईंचा नियमच होता की हॉल निघायला आणि परत यायला आहे, दिवस बाहेर घालवायचा.

भावाची जोडी एका तिशीतल्या बाईशी लागली होती. ती ठेंगणी, जाड भिंगाचा चष्मा लावणारी, आणि भयंकर तोंडाळ. ती भाजीवाल्यांशी भाव करायची आणि हा पिशवी धरून उभा राहायचा. भेंडी जून निघाली तर ती दुसऱ्या दिवशी जाऊन त्या माणसाला शिव्या घालून यायची. घरी भाऊ तिच्या भांडणांची नक्कल करून दाखवी. इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्याच्याकडे संध्याकाळी सांगण्यासारखं काहीतरी असायचं.

सोसायटीला नेमका हा बाहेरचा दिवस खुपला. आत गुपचूप बसून वाती वळणारी माणसं कोणाला सलली नसती. पण ही माणसं गेटमधून हसत निघत, लिफ्टसमोर उभी राहत, येणाऱ्याजाणाऱ्याला नाव विचारत.

चेअरमन रेल्वेतून निवृत्त झालेले, भुसावळचे. सगळे त्यांना नाना म्हणत. नाना भेटले की सुरुवात ठरलेली. "सर, आम्ही काही त्यांच्या विरोधात नाही हं." या वाक्याचा मी इतका द्वेष करू लागलो की जिन्यात त्यांची चप्पल वाजली तरी माझे दात आवळले जायचे. विरोधात नाही, पण लहान मुलं घाबरतात. विरोधात नाही, पण पाहुणे विचारतात की खाली काय वेड्यांची शाळा आहे का. विरोधात नाही, पण अशा गोष्टी गावाबाहेर मोकळ्या हवेत बऱ्या.

एकदा सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कोणीतरी भावाचा लिफ्टमधला फोटो टाकला. तो हसत होता. खाली लिहिलं होतं, 'मुलींना लिफ्टमध्ये एकटं पाठवू नये.' त्याखाली अंगठे आणि जोडलेले हात. माझ्या बायकोने त्याच मिनिटाला ग्रुप सोडला. मी सोडला नाही. चार दिवसांनी संक्रांत होती. मी त्याच ग्रुपवर तिळगुळाचं चित्र टाकलं. बायकोने ते माझ्या फोनवर पाहिलं आणि दिवसभर माझ्याशी बोलली नाही.

करार संपत आला तेव्हा सभा लागली. त्याआधीच्या रविवारी सोसायटीतल्या सगळ्यांना आमच्या असोद्याच्या शेतावर भरीत खायला बोलवायचं, ही कल्पना माझी.

बाहेरच्या माणसाला यात काय एवढं असं वाटेल. आमच्याकडे हिवाळ्यात सोयरीक असो, निवडणूक असो, बांधाचं भांडण असो, भरताच्या पार्टीला बोलवून मिटवायची पद्धत आहे. शेतात कपाशीच्या काड्यांचा आर, म्हणजे जाळ, करून त्यावर वांगी भाजायची, सोलायची, लाकडाच्या खोलगट बडगीत मिरची-लसणासोबत मुसळीने कुटायची, आणि पुऱ्यांसोबत मांडीला मांडी लावून खायचं. ज्याच्या शेतात बसून भरीत खाल्लं त्याला लगेच नाही म्हणायला माणूस कचरतो. निदान माझी तशी समजूत होती.

आणि भरीत कुटावं ते माझ्या भावाने. आईने त्याला लहानपणीच मुसळी हातात दिली होती. वांग्याचा लगदा होऊ न देता ते नेमकं कुठवर कुटायचं, हे त्याच्या हाताला कळतं. गावात मोठी पार्टी असली की बिडी देऊन नाचवणारेसुद्धा त्याला आधी कुटायला बोलवत.

ताईंना सांगितलं तेव्हा त्या खूश झाल्या. "मग आपल्या सगळ्यांनाच नेऊ. कोणी सोलेल, कोणी वाढेल, ती चष्मेवाली सगळ्यांना दटावून जेवायला बसवेल. लोकांनी यांच्यासोबत एक दिवस काढू दे."

मी नको म्हणालो. एवढ्या सगळ्यांना एकदम बघून लोक बिचकतील. आधी खाऊ दे, मन मोकळं होऊ दे. भाऊ तेवढा असेल, मागे.

"मागे म्हणजे?"

"आरापाशी."

ताईंनी हातातली वातींची परडी खाली ठेवली. "सर, लपवून ठेवण्यासाठी तुमच्या घराला दार आहे. त्यासाठी असोद्यापर्यंत कशाला जाता?"

"शेत माझं आहे," मी म्हणालो. माझा आवाज नानांसारखा आला होता. ताईंनी परडी पुन्हा उचलली. पार्टीला त्या आल्या नाहीत.

रविवारी भावाला आणि शेतावरच्या सालदाराला मी विहिरीच्या मोटारीच्या खोलीमागे आर पेटवायला सांगितलं. पाहुण्यांना धूर नको, असं कारण दिलं. खरं कारण देवपुरातलं होतं. भाऊ समोर असता तर त्याने गाडीतून उतरणाऱ्या प्रत्येकाला हाक मारली असती. मागे बस, मी बोलवेपर्यंत येऊ नको, असं त्याला दोनदा बजावलं. तो बसला. पाहुणे सतरंजीवर गप्पा मारत होते आणि खोलीमागून मुसळीचा धप् धप् आवाज येत होता. मला तो आवाज ऐकून बरं वाटत होतं, हेही सांगायला हवं. मी मनात म्हणत होतो, खा, खा. खाऊन झालं की बघू कोण काय बोलतं.

जेवण रंगलं. नाना तिसऱ्यांदा भरीत घेत म्हणाले, "सर, भुसावळला आमच्या कॉलनीत दर थंडीत पार्टी व्हायची, पण हे काम वेगळंच आहे. आचारी कुठला धरून आणला?"

त्यांच्या बायको म्हणाल्या, "मला नंबर द्या हो त्याचा. पोरीच्या डोहाळजेवणाला बोलावते."

"अहो, डोहाळजेवणाला भरीत?"

"तुम्ही गप बसा. तुम्हाला कुठे डोहाळे लागतात? तरी तिसऱ्यांदा घेतलं."

सगळे हसले. मला वाटलं, हाच तो क्षण. मी उठून खोलीच्या दिशेने भावाला हाक मारली आणि म्हणालो, "हा बघा आमचा आचारी."

तो आला. बाह्या वर सरकवलेल्या, सदऱ्यावर काजळी, मनगटापर्यंत वांग्याची काळी सालं चिकटलेली. सकाळपासून दाबून ठेवलेली हाक त्याने एकदाची मारली, "ओ नाना! कुठी चालला?"

नानांचा घास तोंडातच राहिला.

"यानं केलं?" त्यांच्या बायकोने मला विचारलं, त्याला नाही. "हातानं?"

"बडगीत कुटलं. मुसळीनं," मी म्हणालो.

"सालं तर हातानंच काढली असतील ना."

"सगळेच हातानं काढतात, वहिनी."

"सगळ्यांचं वेगळं."

एकजण उठून मोटारीच्या पाण्यावर चूळ भरायला गेला. एका आईने मुलाच्या हातातली पुरी काढून घेतली. कोणीतरी फिसकन हसलं. भावाला वाटलं, पंगत अजून बसलेली आहे. त्याने भरताचं पातेलं उचललं आणि वाढायला निघाला. "घ्या ना नाना, गरम हाये."

नानांनी ताटावर हात आडवा धरला. "नको, नको. भरलं पोट."

तो पुढच्याकडे गेला. पुढच्यानेही हात आडवा धरला. त्याला पंगतीत कोणाला वगळायचं नसतं हे पक्कं माहीत होतं, म्हणून तो रांगेने सगळ्यांकडे गेला, आणि रांगेने सगळ्यांनी ताटावर हात धरले. मी त्याला थांबवू शकलो असतो. मी पंगतीच्या टोकाला उभा होतो आणि मला त्या सगळ्यांचा इतका राग आला होता की शेवटच्या माणसापर्यंत हे होऊ दे, असं वाटत होतं. त्या रागात पातेलं धरून वाकणारा माणूस माझ्या ध्यानातच राहिला नाही.

दुसऱ्या मजल्यावरचे शेठ एकटेच शांत होते. ते जैन, वांगं खात नाहीत. आले होते मान ठेवायला. घरून आणलेले खाकरे आणि आमच्या बागेतली केळी खाऊन ते बाजूला बसले होते. निघताना गाडीपाशी त्यांनी मला थांबवलं.

"मास्तर, मी तुमचं वांगं खाल्लेलं नाही, म्हणून मला राग नाही. पण त्यांचा राग मला समजतो. भावाला मागे का ठेवला?"

"धूर..."

"कसला धूर? तुम्हालाच खात्री नव्हती. पहिल्यापासून समोर बसवला असता, तर ज्याला खायचं त्यानं खाल्लं असतं, नसतं खायचं त्यानं माझ्यासारखी केळी सोलली असती. तुम्ही आधी खाऊ घातलं आणि मग माणूस दाखवला. दुकानात मी असा माल विकला तर गिऱ्हाईक पुन्हा पायरी चढणार नाही."

"म्हणजे तुम्ही सभेत आमच्या बाजूनं..."

"नाही. माझ्या सुना म्हणतात, खाली उतरायला भीती वाटते. भीती खरी की खोटी ते देव जाणे, पण मला राहायचंय त्यांच्यासोबत." गाडीचं दार लावून घेत ते म्हणाले, "केळी चांगली होती."

घरी परतताना भाऊ मोटरसायकलवर माझ्या मागे बसला होता. गाव मागे पडलं. मग त्याने माझ्या खांद्यावर हनुवटी टेकवून विचारलं, "भाऊ, खारट झालतं का?"

मी म्हणालो, "हो. थोडं खारट झालं होतं."

मला वाटलं, हे त्याला सोसेल. मीठ जास्त पडलं, पुढच्या वेळी कमी टाकू. पण त्या दिवसानंतर तो घरी जेवायला बसला की ताटातलं मीठ आधी बोटाने खाली सारू लागला. बायकोने कारण विचारलं तेव्हा मी माहीत नाही म्हणालो.

सभेत नानांना फार बोलावं लागलं नाही. "खाऊ घालून मतं घ्यायची? तेही अशा हातचं, न सांगता? उद्या माणसं आजारी पडली असती तर?" केंद्राच्या बाजूने ताई बोलल्या. या माणसांनी दोन वर्षांत कोणाचं काय बिघडवलं ते एकाने तरी उभं राहून सांगावं, असं त्या म्हणाल्या. कोणी उभं राहिलं नाही. कोणी काही बिघडवलंच नव्हतं आणि ते सगळ्यांना माहीत होतं. पण त्याने मत बदलत नसतं. मग सगळे माझ्याकडे बघू लागले, कारण मी एकटाच असा होतो जो त्यांचाही होता आणि तळमजल्याचाही.

मी उभा राहिलो. बोलण्यासारखं पुष्कळ होतं. त्याचा दिवस, ती भेंडी, लिफ्टमधला फोटो, देवपूर. मी म्हणालो, "त्याने हात साबणाने धुतले होते. मी स्वतः उभा होतो."

ताईंनी माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत होता एवढा तिरस्कार नानांनीही मला कधी दाखवला नव्हता. ताईंचं बरोबर होतं. हात स्वच्छ आहेत की नाहीत हा प्रश्न मी भर सभेत मान्य करून टाकला होता. मत घेतलं. शेठचाही हात विरोधात वर गेला. महिनाअखेर हॉल रिकामा करावा असं ठरलं, आणि त्यावर सही करताना नाना मला म्हणाले, "सर, मनात काही ठेवू नका. आम्ही काही त्यांच्या विरोधात नाही."

हॉलला कुलूप लागलं त्यानंतरच्या पहिल्या सकाळी मी भावाला सांगितलं की आज केंद्र नाही. त्याने ऐकलं, भांग पाडला, पिशवी घेतली आणि खाली गेला. मी अडवायला जिन्यापर्यंत गेलो आणि परत फिरलो. कुलूप बघून येईल, म्हटलं.

तो आला नाही. शाळेला निघताना मी खाली उतरलो तर हॉलच्या पायऱ्यांवर सगळेच बसलेले. केंद्र बंद झाल्याचं सगळ्यांच्या घरी कळवलेलं होतं, तरी कोणी रिक्षाने आलं होतं, कोणाला बापाने सोडलं होतं. मधोमध ताई जमिनीवर बसून कापूस वाटत होत्या. पार्किंगमध्ये, उघड्यावर, लिफ्टच्या अगदी समोर. वर गॅलऱ्यांमध्ये माणसं उभी होती.

नाना बनियनवरच खाली आले होते. ताईंशी बोलायला ते कचरत असावेत, कारण मला बघताच त्यांचा जीव भांड्यात पडला.

"सर, बरं झालं आलात. सांगा यांना. आणि याला आधी वर न्या, घरात ठेवा. हा गेला की बाकीचे उठतील."

भाऊ वातीवरून नजर न काढता वळत होता. मी बाजूच्या गेटने शाळेला निघून जाऊ शकलो असतो. घड्याळाकडे पाहिलंसुद्धा.

"नाही नेणार," मी म्हणालो.

"म्हणजे?"

"म्हणजे तो इथे बसला आहे. सभासदाचा भाऊ आहे. पायऱ्या सभासदांच्या आहेत."

"सर, तुम्ही शिकलेले आहात. मला पोलिसांना बोलवावं लागेल."

"बोलवा. लिफ्टमधला तो फोटोही दाखवू त्यांना. कोणी काढला ते विचारू."

नानांचा चेहरा पडला. एवढ्या वर्षांत त्यांच्याशी मी या आवाजात बोललो नव्हतो. ते वरच्या गॅलऱ्यांकडे पाहून म्हणाले, "पाहताय ना सगळे? पाहताय ना?" आणि फोन आणायला वर गेले. हे मी सभेत बोललो असतो तर कदाचित काही उपयोग झाला असता, आता हॉलला कुलूप होतं. ताईंनी माझ्याकडे पाहिलं नाही. त्यांनी मला अजून माफ केलेलं नव्हतं आणि पायरीवर उभं राहून चार वाक्यं बोलल्याने त्या करणारही नव्हत्या.

मी भावाशेजारी पायरीवर बसलो. त्याने पहिल्यांदाच मान वर केली. माझ्याकडे पाहिलं, मग गेटकडे. गेटमधून ती चष्मेवाली रिक्षावाल्याशी भांडत आत येत होती.

"भाऊ, उठ," तो म्हणाला. "इथी ती बसते."

मी उठलो.